राजुऱ्याच्या समुद्रात मासे नव्हते

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या गल्लीतला सातवीत शिकणारा एक मुलगा संध्याकाळी घरी आला. मागे त्याचे वडील उभे होते. ते चुनखडीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. मुलाच्या हातात रुमालात बांधलेली वस्तू होती. त्याने ती माझ्यासमोर उघडली. हाताच्या पंजाएवढा, तिकोनी, काळपट चकचकीत दगड. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला जाडसर बूड.

"सर, हा मेगॅलोडॉनचा दात आहे," तो म्हणाला. "मोबाइलवर अगदी असाच दाखवला होता. लाखो वर्षांपूर्वीचा महाकाय शार्क. बाबांना खाणीजवळ सापडला."

वडील इतका वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, एक जण म्हणत होता का याचे चाळीस हजार येतात. पोराच्या पुढच्या शिक्षणाचं होऊन जाईल जी."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दगड हातात घेताक्षणी मला उत्तर कळलं होतं, पण ते लगेच सांगायचं धाडस झालं नाही. त्या दोघांना मी चहा घेता घेता जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर तुम्हाला सांगणार आहे.

आधी त्या दाताविषयी. मेगॅलोडॉन हा शार्क खरोखर होऊन गेला. सुमारे दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वीपासून ते सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो जगातल्या उबदार समुद्रांत वावरत होता. शार्कचा सांगाडा हाडांचा नसतो, कूर्चेचा असतो. आपल्या कानाच्या वरच्या, लवचिक भागात जो पदार्थ असतो, तसाच हा पदार्थ. तो कुजून जातो. म्हणून या एवढ्या मोठ्या जनावराचे मागे उरले ते मुख्यतः दात आणि मणक्यांच्या काही चकत्या. सर्वांत मोठे दात १८ सेंटिमीटरांच्या आसपास आहेत. त्यावरून लांबीचे अंदाज बांधले जातात. कोणी १५-१६ मीटर म्हणतं, तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही लांबी २४ मीटरांपर्यंत जाऊ शकते असं मांडलं आहे. म्हणजे पुढेमागे उभ्या केलेल्या दोन एसटी बसगाड्यांएवढी.

युरोपात जुन्या काळी लोक अशा दातांना साप-नागांच्या दगड झालेल्या जिभा समजत. विष उतरवायला ते गळ्यात बांधत. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर एक मोठा शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने जबडा उघडून पाहिला आणि त्याच्या ध्यानात आलं, की या जिभा नाहीत, हे दात आहेत. पण समुद्रातल्या प्राण्याचे दात डोंगरातल्या दगडात कसे गेले? याचं उत्तर शोधताना त्याने सांगितलं, की दगडांचे थर एकावर एक साचत जातात, खालचा थर जुना आणि वरचा नवा. आजही भूशास्त्राचा पहिला धडा हाच आहे.

आता मुलाच्या हातातला दगड. खऱ्या दाताला दोन वेगवेगळे भाग असतात. वरचा गुळगुळीत, दंतवल्काचा. खालचं मूळ खरबरीत, हाडासारखं. मेगॅलोडॉनच्या दाताच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. या दगडात मूळ नव्हतं, दाते नव्हते. जिथे तो फुटला होता तिथे काच फुटल्यावर दिसतात तशा शिंपल्यासारख्या लाटा होत्या. तो गारगोटीच्या जातीचा कठीण दगड होता. निसर्गाने त्याला तिकोनी फोडलं होतं, एवढंच.

मी ते सांगितलं. मुलाचा चेहरा पडला. वडिलांनी दगड उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे इथं समुद्र नव्हताच का जी?"

या प्रश्नाने मला थांबवलं. कारण त्याचं खरं उत्तर "होता" असं आहे.

राजुरा, कोरपना, जिवती हा आमचा पट्टा चुनखडीवर बसलेला आहे. गडचांदूरच्या आजूबाजूला सिमेंटचे कारखाने आले ते याच चुनखडीसाठी. भूशास्त्रात या खडकांना पैनगंगा गट म्हणतात. राखाडी, कुठे गुलाबीसर, पातळ पातळ थरांचा हा दगड म्हणजे एका समुद्राच्या तळाशी शांतपणे साचलेला गाळ आहे. त्या मुलाचे वडील रोज ट्रकमध्ये भरून नेतात तो समुद्राचा तळच. आपल्या घराच्या भिंतींत, गावच्या पुलांत, शाळेच्या स्लॅबमध्ये तो समुद्र आहे.

पण हा समुद्र फार जुना आहे. किमान सत्तर-ऐंशी कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी पृथ्वीवर शार्क नव्हते, मासे नव्हते, शंखशिंपलेसुद्धा नव्हते. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळासारखे थर, एवढीच जीवसृष्टी. म्हणजे राजुऱ्याला समुद्र होता, पण त्यात एकही मासा नव्हता. कोणी कोणाला खायला दात परजून यावं, असं कोणी जन्मलंच नव्हतं.

तो समुद्र हटला आणि फार मोठा काळ गेला. मग इथे आला बर्फ. आपल्या चांद्याच्या उन्हात हे खरं वाटणार नाही, पण इरई नदीच्या परिसरात बर्फाने घासून गुळगुळीत केलेली, ओरखडे उमटलेली चुनखडी आहे. फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८७५ साली त्याची नोंद केली. बर्फ वितळला, दलदली झाल्या, झाडं वाढली आणि गाडली गेली. तोच आज सास्ती, बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा. त्यातल्या शेलच्या पापुद्र्यावर कधी जिभेच्या आकाराची पानं उमटलेली सापडतात. ग्लॉसोप्टेरिस हे त्या झाडाचं नाव.

यानंतर आल्या नद्या आणि तळी. आणि इथे आपल्याला पहिला मोठा जलचर शिकारी भेटतो.

नकाशावर राजुऱ्यावरून बोट दक्षिण-पूर्वेला न्या. आज मध्ये राज्याची सीमा लागते. एके काळी नव्हती. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. त्या जुन्या आदिलाबाद भागात मालेरी नावाचं गाव आहे. तिथली लाल माती सुमारे बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नदीची आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना या भागातल्या दगडांचं वेड होतं. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, तेच हे हिस्लॉप. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. मालेरीच्या एका प्राण्याला पुढे त्यांचं नाव मिळालं. परासुकस हिस्लोपी.

परासुकस दिसायला मगरीसारखा. लांबलचक निमुळती सोंड, तीत टोकदार दात, पाठीवर खवल्यांची ढाल. लांबी सुमारे अडीच मीटर. पण तो मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या थुंथनीच्या टोकाला असतात. याच्या नाकपुड्या मागे, डोळ्यांजवळ, कपाळावर. दोन वेगळ्या घराण्यांतले प्राणी एकच धंदा करू लागले, पाण्यात दबा धरून बसण्याचा, आणि धंद्याने त्यांना सारखं रूप दिलं.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने या खोऱ्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठं काम केलं. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांनी तिथे जीवाश्मांच्या अभ्यासाची घडी बसवली. त्याच परंपरेतल्या शंकर चटर्जी यांनी १९७८ साली परासुकसच्या दोन जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या सांगाड्यांची खरी गंमत त्यांच्या पोटात होती. तिथे दुसऱ्या एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं मिळाली. मरण्याआधीचं त्यांचं शेवटचं जेवण! त्या खाल्ल्या गेलेल्या प्राण्याला १९८० साली नाव मिळालं, मालेरीसॉरस रॉबिन्सनी. म्हणजे एका सांगाड्याच्या पोटात विज्ञानाला दुसरा प्राणी सापडला.

त्या नदीत शार्कही होते बरं का! झेनाकँथस कुळातले, गोड्या पाण्यातले. त्यांचे दात मालेरीच्या मातीत मिळतात. पण हे दात तळहातावर मावणारे नव्हेत, बोटाच्या नखावर मावणारे. माती चाळून, भिंगाखाली निवडून ते काढावे लागतात. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपल्याकडे शार्क होता तर!" मी म्हटलं, "होता रे बाळा. फक्त त्याचे चाळीस हजार येणार नाहीत."

तेव्हा वडील पहिल्यांदा हसले.

आमच्याकडे परासुकस नदीत दबा धरत होता, त्याच युगाच्या अखेरीस खुल्या समुद्रात फार अवाढव्य जनावरं फिरू लागली. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर २०२० साली रूबी रेनॉल्ड्स या अकरा वर्षांच्या मुलीला वडिलांबरोबर फिरताना एका जबड्याचे तुकडे सापडले. २०२४ साली त्या प्राण्याला नाव दिलं गेलं, इक्थिओटायटन. हा मत्स्यसरडा, म्हणजे माशासारखं रूप घेतलेला सरपटणारा प्राणी. जबड्याच्या हाडावरून त्याची लांबी सुमारे २५ मीटर असावी असा अंदाज आहे. समुद्रातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत याहून मोठा प्राणी अजून माहीत नाही.

मत्स्यसरडे भारतातही होते. कच्छमधल्या लोडाई गावाजवळ मिळालेला सुमारे साडेपाच मीटरांचा सांगाडा दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जगासमोर ठेवला. भारतातल्या ज्युरासिक काळाच्या खडकांतला हा पहिलाच मत्स्यसरडा. वय सुमारे पंधरा कोटी वर्षं. त्याचे दात झिजलेले होते. त्या झिजेवरून कळलं, की हा कठीण कवचाचे प्राणी फोडून खात असे. दगडात प्राण्याचा स्वभाव कसा वाचतात, तो असा. डोळ्याभोवतीच्या हाडांच्या कड्यावरून डोळ्याचा आकार कळतो. टेम्नोडोंटोसॉरस नावाच्या मत्स्यसरड्याचा डोळा २५ सेंटिमीटरांहून मोठा होता, जेवणाच्या ताटाएवढा. एवढा डोळा अंधाऱ्या खोल पाण्यात शिकार करणाऱ्यालाच लागतो. काही माद्यांच्या पोटात पिल्लांचे सांगाडे मिळाले आहेत. त्यावरून ते अंडी घालत नव्हते, पाण्यातच पिल्लांना जन्म देत होते, हे ठरलं.

चुनखडीच्या खाणीत समुद्रराक्षस सापडतो हेही खोटं नाही. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक प्रचंड जबडा निघाला. कोणी त्याला मगर म्हणालं, कोणी देवमासा. फ्रेंच सैन्याने शहर घेतलं तेव्हा तो जबडा पॅरिसला गेला. १८०८ साली जॉर्ज कुव्हिए यांनी सांगितलं, की हा घोरपडीच्या नात्यातला समुद्री सरडा आहे. हाच मोसासॉरस. आपल्या रानात दिसणारी घोरपड डोळ्यांसमोर आणा, तिच्या पायांची वल्ही करा आणि तिला बारा मीटरांहून लांब करा. मास्ट्रिख्टच्या खाणीत तो मिळाला, गडचांदूरच्या खाणीत मिळणार नाही. का? कारण ती चुनखडी सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची आणि आपली त्याहून कितीतरी जुनी. दगड दिसायला एक, पण इतिहास वेगळा.

मोसासॉरस मास्ट्रिख्टच्या समुद्रात पोहत होता तेव्हा आपल्या वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यात काय चाललं होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. तिथे लांब मानेचे टायटॅनोसॉर चरत होते. त्यांची हाडं तिथे मिळतात आणि दगड झालेली विष्ठाही मिळते. हसू नका. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण दाखवले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं ही समजूत त्याने मोडली. त्या कणांत भाताच्या कुळाशी नातं सांगणारं गवतही होतं. आपल्या धानाच्या जिल्ह्याला याचा अभिमान वाटायला हवा!

आता मला माझी एक चूक सांगायची आहे. त्या संध्याकाळी मी ती त्या बापलेकांनाही सांगितली.

१९८४ चा उन्हाळा. मी नोकरीला नवा होतो. एका मित्राबरोबर आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला गेलो. तिथून जवळच प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. या गावाचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. इथल्या चुनखडीत ज्युरासिक काळातल्या तळ्यातले मासे मिळतात. कर्नल साइक्स आणि एगर्टन यांनी त्यातल्या एका माशाची माहिती १८५१ सालीच लंडनमध्ये छापली होती. जाड, चौकटीच्या, लुकण फासल्यासारख्या चकाकत्या खवल्यांचे हे मासे. याच खोऱ्यात बारापासॉरस टागोरीची हाडं मिळाली. नावातला 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, आणि 'टागोरी' हे रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ.

मला वाटेवरच्या एका दगडात तसे खवले दिसले. आनंदाने वेडा झालो. पूर्ण दगड उचलवेना म्हणून हातोडीने फोडला. एक तुकडा मित्राला दिला, एक पिशवीत घातला. कोणत्या जागेवर, नाल्याच्या कोणत्या अंगाला, कोणत्या थरात तो होता, काहीही लिहून ठेवलं नाही. काही वर्षांनी या विषयाचे एक अभ्यासक घरी आले. त्यांनी तुकडा भिंगाने बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "हा कुठे मिळाला?" मी म्हणालो, "कोट्याजवळ." ते म्हणाले, "कोट्याजवळ कुठे? कोणत्या थरात?" मला सांगता येईना. त्यांनी तुकडा हलकेच टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "सुंदर आहे. आता फक्त सुंदर आहे."

हे शब्द मी विसरलेलो नाही. सतरा-अठरा कोटी वर्षं तो मासा दगडात शाबूत राहिला आणि माझ्या हातोडीने एका मिनिटात मुका केला. जीवाश्म म्हणजे नुसती वस्तू नव्हे. ती कुठे होती, वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कोण होतं, यासकट ती साक्ष असते. परासुकसच्या बरगड्यांमधली ती लहान हाडं कोणी वेचून वेगळी विकली असती, तर कोणी कोणाला खाल्लं हे कधीच कळलं नसतं.

म्हणून सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधम इथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केलं आहे. मुलांना घेऊन जरूर जा. पण शेतात, नाल्यात, खाणीत काही वेगळं दिसलं तर ते उचलू नका, फोडू नका. शेजारी एखादी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा. जागा, तारीख, ओळखीची खूण लिहा. तुमच्या शाळेतल्या शिक्षकांना, वनविभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. आणि कोणी हजारोंची लालूच दाखवली तर इतकं लक्षात ठेवा, की पैसे एकदाच येतात, साक्ष कायमची जाते.

मेगॅलोडॉन अजून खोल समुद्रात जिवंत आहे, असं मोबाइलवर सांगितलं जातं. मुलाने तेही विचारलं. मी म्हटलं, "शार्कचे दात आयुष्यभर पडत असतात आणि नवे येत असतात. एका शार्कचे हजारो. मेगॅलोडॉन जिवंत असता तर त्याचे ताजे दात समुद्रतळावर मिळाले असते. मिळतात ते सगळे जुन्या थरांतले." आपल्या देशात असे दात ओडिशातल्या बारिपद्याच्या बाजूला मिळाले आहेत. तिथे त्या काळी समुद्र होता. आपल्याकडे तेव्हा कोरडी जमीन होती.

चहा संपला. वडील उठले. जाताना म्हणाले, "इतकी वर्षं गाडीत दगड भरतो, गुरुजी. समुद्र भरतो हे कोणी सांगितलं नव्हतं." मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न मात्र त्या दगडाने सुटला नाही. तो आम्ही वेगळ्या वाटेने, शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या तयारीने सोडवायचा प्रयत्न करतो आहोत. रोज संध्याकाळी सात वाजता तो वही घेऊन येतो.

परवा त्याने तो तिकोनी दगडही परत आणला. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. वळणदार अक्षरात जागा लिहिली होती, तारीख लिहिली होती, कोणाला सापडला ते लिहिलं होतं. आणि खाली, "हा दात नाही."

तो दगड आता माझ्या टेबलावर आहे, कोट्याच्या माशाशेजारी. दोहोंपैकी पूर्ण नोंद असलेला तोच एक.